व्याख्या शेवटी

सकाळी ६.४५

कॉलेज सव्वासातला भरतं. गाव निफाड तालुक्यातलं. इमारत एकच, सकाळी कनिष्ठ महाविद्यालयाची कला शाखा आणि दुपारी शाळा. मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र शिकवते. मुलं आसपासच्या वस्त्यांवरून येतात, कोणी एस.टी.च्या पासवर, कोणी दुधाच्या गाडीत बसून. वर्ग उघडायच्या आधी मी व्हरांड्यात उभी राहते, कारण दिवसभर शिकवायला लागणारी उदाहरणं मला तिथेच मिळतात. सप्टेंबरात कांदाचाळींमध्ये उन्हाळ कांदा शिल्लक असतो. त्यामुळे मुलांच्या बोलण्यात पहिला विषय कालचा बाजार. लासलगावला काय भाव निघाला, पिंपळगावला काय, गोल्टीला, म्हणजे बारीक कांद्याला, गिऱ्हाईक होतं का. सतरा वर्षांची मुलगी भाव, प्रत, आवक हे शब्द ऐकतच वाढलेली असते. तीच मुलगी वर्गात मागणीची व्याख्या म्हणायला उभी राहते आणि अर्ध्यावर अडकते.

म्हणून माझ्या वर्गात व्याख्या शेवटी येते. आधी प्रत्येकाने स्वतःच्या घरातलं किंवा गावातलं उदाहरण द्यायचं. मग ती कल्पना कुठे लागू पडत नाही, तेही दाखवायचं. हे दोन्ही झालं की मी खडू हातात घेते.

सकाळी ७.२०

बारावी, अर्थशास्त्र. मागणीची लवचिकता.

फळ्यावर एवढंच लिहिलं: गेल्या वर्षी १०० क्विंटल, भाव २,००० रुपये. यंदा पाऊसपाणी चांगलं, १२० क्विंटल, भाव १,२०० रुपये. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत, हे आधीच सांगितलं. मुलांनी गुणाकार केला. गेल्या वर्षी दोन लाख, यंदा एक लाख चव्वेचाळीस हजार. पीक जास्त आणि हातात पैसे कमी.

‘असं का?’ विचारलं. मागच्या बाकावरून उत्तर आलं, ‘व्यापारी पाडतात.’ बहुतेक घरांत हेच उत्तर दिलं जातं आणि ते मी खोडून काढत नाही. थोडे व्यापारी आणि खूप शेतकरी असले की काय होतं, हा पुढच्या प्रकरणाचा विषय आहे. पण आत्ता मला दुसरं कारण हवं होतं. ‘तुमच्या घरी भाजीला किती कांदे लागतात? भाव निम्मा झाला तर किती लागतील?’ एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, तेवढेच. स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट कांदा चिरत नाही.’

यानंतर शिकवायला फारसं उरत नाही. भाव शेकडा ४० ने उतरल्यावर कुठे शेकडा २० जास्त माल खपला. विसाला चाळीसने भागा, उत्तर अर्धं. एकपेक्षा कमी, म्हणजे कमी लवचिक मागणी. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० सालच्या ग्रंथात ही कल्पना नीट मांडली, हे सांगितलं तेव्हा मुलांनी नाव लिहून घेतलं. उत्तर त्यांच्या हातात आधीच आलेलं होतं.

मग उलट बाजू. कांद्याला जे लागू ते कशाला लागू नाही? द्राक्षं, असं उत्तर आलं. द्राक्षं महागली की माणूस केळी घेतो. मीठ? कांद्यापेक्षाही कमी लवचिक. आणि हॉटेलवाल्याची कांद्याची मागणी? यावर वर्गात दोन तट पडले. एक म्हणे, भाव वाढला की हॉटेलात कांद्याऐवजी कोबी येतो. दुसरा म्हणे, भज्यांचं काय करणार? वाद तसाच ठेवला. तो मिटवायला कोणीतरी बाजारात जाऊन विचारून येईल.

तास संपता संपता शेवटच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, पूर्ण स्पर्धेच्या प्रकरणात सगळ्यांचा माल एकजिनसी असतो असं छापलंय, ते खोटं आहे. त्याच्या वडिलांच्या ट्रॉलीला लिलावात एक भाव मिळाला, आणि खळ्यावर माल खाली करताना व्यापाऱ्याने वांधा काढला, खाली चोपडा, म्हणजे हलका माल, निघाला म्हणाला. क्विंटलमागे भाव तोडला. हे ऐकताना मला आनंद झाला. वडिलांचं नुकसान झालं, त्याचा आनंद कसा होईल? पण हा मुलगा आता पुस्तकातलं गृहीतक आणि बाजार यांच्यातलं अंतर मोजतोय. पूर्ण स्पर्धा ही कल्पना खरा बाजार तिच्यापासून किती दूर आहे ते कळावं म्हणूनही असते, असं त्याला सांगितलं. त्याने वहीत ‘वांधा’ या शब्दाखाली रेघ मारली.

बोर्डाच्या अर्थशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत उदाहरण देऊन संकल्पना ओळखायला सांगतात. प्रश्न चांगला आहे. पण गाइडमध्ये त्याच त्या उदाहरणांची यादी असते आणि मुलं ती यादी पाठ करतात. मग नवं उदाहरण आलं की हात थांबतो. मला ती यादी मुलांनी स्वतः केलेली हवी.

सकाळी ८.०५

अकरावी, मानसशास्त्र. विषय स्मृती.

पाच मुलांना वर्गाबाहेर काढलं. उरलेल्यांसमोर एक छोटी गोष्ट वाचली, मीच रचलेली, मुद्दाम परकी वाटेल अशी. बर्फाच्या किनाऱ्यावरचे दोन भाऊ सीलच्या शिकारीला होडीतून निघतात. धुक्यातून हाक येते. मोठा उत्तर देतो, धाकटा देत नाही. संध्याकाळी दोघे घरी येतात. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवताना मोठ्याला आपलं नाव आठवत नाही. गोष्ट संपली. कारण कुठेच दिलेलं नाही.

बाहेरच्या पहिल्या मुलाला आत बोलावून वर्गातल्या एकीने गोष्ट सांगितली. त्याने दुसरीला, दुसरीने तिसऱ्याला. बाकीच्यांनी प्रत्येक वेळी काय गळलं आणि काय नवं आलं ते टिपायचं, हसायचं नाही. पाचव्या मुलीने सांगितलेली गोष्ट अशी: दोन भाऊ मासे धरायला गेले. रात्री धुक्यात भुताने हाक मारली. अशा वेळी ओ द्यायची नाही, असं आईने सांगितलं होतं, म्हणून धाकटा गप्प राहिला. मोठ्याने ओ दिली म्हणून त्याला झपाटलं आणि तो वेडा झाला.

सील गेला, मासे आले. दिवसाची रात्र झाली. गोष्टीत नसलेली आई आली आणि तिच्याबरोबर आपल्याकडचा समज आला, की रात्री अनोळखी हाकेला ओ देऊ नये. आणि दोन ठिकाणी ‘म्हणून’ आलं. टिपण करणाऱ्या मुलांनी हे ‘म्हणून’ बरोबर पकडलं होतं. ते कोणत्या टप्प्यावर आलं, हेसुद्धा त्यांच्याकडे होतं: तिसऱ्या.

केंब्रिजला फ्रेडरिक बार्टलेट यांनी असेच प्रयोग केले आणि १९३२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांनी उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचकांना दिली होती. त्यांच्या सांगण्यात तिथली झाडाच्या खोडाची होडी साधी नाव झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली आणि जे कळलं नाही ते गळलं. माणूस आठवताना साठवलेली वस्तू जशीच्या तशी बाहेर काढत नाही, आपल्या ओळखीच्या साच्यात ती पुन्हा घडवतो. या साच्याला स्कीमा म्हणतात. हे वाक्य मी पाचव्या मुलीची गोष्ट संपल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मुलांनी ते नुसतं उतरवून घेतलं असतं.

ती पाचवी मुलगी जरा हिरमुसली होती. तिला वाटलं, आपण चुकलो. तिला म्हटलं, ‘अगं, तू गोष्ट दुरुस्त केलीस. मूळ गोष्ट अर्धवट होती, तू ती आपल्या गावात राहील अशी केलीस.’ लोककथा शेकडो तोंडांतून जाताना नेमकं हेच होतं. त्यातलं अनोळखी ते झिजतं आणि ‘म्हणून’ वाढत जातं.

लागू न पडणारं उदाहरण मुलांनीच दिलं. एकाचे आजोबा अभंग शब्दही न बदलता म्हणतात, तिथे का बदल होत नाही? चाल, यमक आणि ताल शब्दाला जागेवर धरून ठेवतात. शब्द हलला की चाल मोडते आणि लगेच कळतं. गद्य गोष्टीला हा पहारा नसतो.

सकाळी ९.३५

छोटी सुट्टी. चहा. मराठीचे सर ‘कथा’ हा साहित्यप्रकार शिकवतायत आणि मुलं सारांश लिहून मोकळी होतात म्हणून वैतागले आहेत. त्यांनी काल वर्गाला एकच प्रसंग तीन तोंडांनी लिहायला दिला: लिलावातली एक ट्रॉली, एकदा शेतकऱ्याच्या तोंडून, एकदा व्यापाऱ्याच्या, एकदा हमालाच्या. हमालाच्या निवेदनात भावाचा उल्लेखच नव्हता. त्यात ऊन होतं, पाठ होती आणि आज किती ट्रॉल्या उतरवायच्या ते होतं. निवेदक बदलला की घटना तीच राहते आणि गोष्ट बदलते, हे त्या तीन पानांवरून वर्गातल्या प्रत्येकाला कळलं.

सर कीर्तन करणाऱ्या घरातले. ते म्हणाले, ‘मॅडम, नारदीय कीर्तनात पूर्वरंगात आधी तत्त्वाचं निरूपण असतं, आणि उत्तररंगात ते पटवायला आख्यान. तुमचं उलटंच चाललंय.’ उलटं आहे खरं. पण कीर्तनाला येणारा श्रोता पूर्वरंगातलं तत्त्व आधीपासून मानत असतो. आख्यानाने त्याची श्रद्धा पक्की होते. माझ्या समोरच्या मुलाने सीमान्त उपयोगिता अजून मानलेली नाही, आणि त्याने ती तपासल्याशिवाय मानू नये असं मला मनापासून वाटतं.

सकाळी ९.५५

इतिहासाचे सर प्रशिक्षणाला गेलेत. बारावीचा त्यांचा तास मी मागून घेतला, कारण सकाळच्या गोष्टीचा धागा मला तिथे न्यायचा होता. अकरावीचा प्रयोग बारावीच्या कानावर सुट्टीतच गेला होता.

सुरुवात विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्यापासून. १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. त्यात पानिपतच्या आधीच्या काळातली, त्या त्या वेळी लिहिलेली पत्रं होती. बखर बहुतेकदा घटनेनंतर, कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिली जाते. पत्र लिहिणाऱ्याला पुढे काय होणार ते माहीत नसतं. एका मुलीने पटकन जोडलं, ‘म्हणजे बखरीत “म्हणून” जास्त असणार.’ सकाळपासूनच्या सगळ्या वाक्यांत मला हे वाक्य सर्वांत आवडलं. मग तिलाच विचारलं, पत्र नेहमी खरं का? नाही. पत्र लिहिणारासुद्धा कोणाला तरी काहीतरी पटवत असतो. आणि बखर टाकून द्यायची का? तीही नाही. लोकांनी ती घटना कशी लक्षात ठेवली, याचं ती अस्सल साधन आहे.

उरलेला तास सुप्याला दिला. १२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातलं सुपे. शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली, वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरलं. मुलांना विचारलं, भुकेला माणूस आधी धान्य लुटेल, यांनी कागद का जाळले? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग सकाळच्या वांध्यावाला मुलगा म्हणाला, ‘धान्य आठ दिवस पुरलं असतं. कागद राहिला असता तर शेत गेलं असतं.’

आता मागे मागे जायचं. सावकाराने तेव्हाच तगादा का लावला? अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना, आपल्याकडच्या कापसाला भाव आला. सावकार सढळ हाताने कर्ज देऊ लागले. युद्ध संपलं, मागणी ओसरली, भाव कोसळला. त्याच सुमारास सरकारने साऱ्याची फेरआकारणी करून सारा वाढवला. ज्या वेळी शेतकऱ्याला उसनवारीची गरज सर्वांत जास्त होती, त्याच वेळी सावकाराने हात आखडला. आणखी एक कारण मुलांना फार विचार करायला लावतं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोखा तीनच वर्षं चालेल असं ठरवलं. हेतू कर्जदाराला वाचवण्याचा होता. प्रत्यक्षात सावकार दर तीन वर्षांनी थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेऊ लागले.

एका गावातल्या जळलेल्या कागदामागे अमेरिकेतलं युद्ध, इंग्लंडचा बाजार, मुंबई सरकारचा सारा आणि एक चांगल्या हेतूचा कायदा, एवढं सगळं उभं राहतं. इतिहासातलं कारण शिकवायला मला याच्याइतकं चांगलं प्रकरण माहीत नाही.

शेवटी साधनाचा प्रश्न. या दंगलींची चौकशी करायला सरकारने आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश संसदेपुढे ठेवला गेला. अहवालाने साऱ्यापेक्षा सावकाराकडे जास्त बोट दाखवलं. ‘निवेदक कोण?’ असं मी विचारायच्या आत दोघी म्हणाल्या, ‘सरकार.’ त्यातल्या एकीने लगेच विचारलं, सरकारने लिहिलं म्हणजे ते खोटं का? नाही. त्यातल्या साक्षी आणि आकडे आजही अभ्यासकांना लागतात. लिहिणारा कोण ते ओळखून वाचायचं. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जदिलाशाचा कायदा झाला, एवढं सांगेपर्यंत घंटा झाली.

दुपारी १२.४०

वह्या. मुलांनी घरून लिहून आणलेली उदाहरणं. बरीचशी ठरावीक असतात, भूक लागल्यावर पहिली चपाती, दुसरी चपाती. त्यांवर मी ‘तुझं स्वतःचं?’ असं लिहून परत करते. अधूनमधून असं पान येतं की मी उठून स्टाफरूममध्ये वाचून दाखवते.

आजचं पान घटत्या सीमान्त उपयोगितेवरचं. त्या मुलीच्या वस्तीवर नळाला रोज पाणी येत नाही. तिने लिहिलंय: पहिला हंडा प्यायला. दुसरा स्वयंपाकाला. तिसरा भांड्यांना. चौथा अंघोळीला. पाचवा जनावरांना. सहावा मिळाला तर अंगणात सडा. पाणी तेच आहे, पण पाणी कमी येतं त्या दिवशी सडाच बंद होतो, पिणं बंद होत नाही. खाली तिने स्वतःची शंका लिहिलीय: मग जनावरांचा नंबर अंघोळीच्या आधी लागायला हवा का? आई तसं म्हणते.

ऑस्ट्रियाच्या बोम-बावेर्क यांनी एकोणिसाव्या शतकात जंगलात एकट्या राहणाऱ्या शेतकऱ्याच्या धान्याच्या पाच पोत्यांवरून हीच गोष्ट समजावली होती. एक पोतं कमी झालं तर तो सगळंच थोडं थोडं कमी करत नाही, सर्वांत कमी गरजेचा वापर सोडतो. या मुलीने बोम-बावेर्क वाचलेला नाही. तिच्या वहीत मी त्यांचं नाव लिहिलं. आईच्या म्हणण्याखाली लिहिलं, ‘क्रम माणसागणिक बदलतो, तत्त्व बदलत नाही. आईला विचार, का?’

दुपारी ३.३०

अकरावीतली एक मुलगी चार दिवस आली नव्हती. तिच्या वस्तीवर गेले. ती चाळीसमोर आईबरोबर कांदा निवडत बसलेली. सडका एकीकडे, कोंब आलेला एकीकडे. आई म्हणाली, ‘मॅडम, बाई लावली तर रोज द्यावा लागतो. चार दिवस ही घरी राहिली तेवढा वाचला.’ संधी खर्च या प्रकरणात आम्ही हेच शिकवतो, एक निवडताना दुसरं काय सोडलं. आईने रोजंदारी मोजली होती आणि बुडालेले तास मोजले नव्हते. ते तास मी तिला एकेक करून सांगितले, कोणता विषय, काय झालं, पुढे कुठे अडेल. सोमवारपासून पाठवते म्हणाली.

वडील चाळीच्या दाराशी उभे होते. ‘तुम्ही अर्थशास्त्र शिकवता. सांगा, काढू का ठेवू? ऑगस्टात यापेक्षा जास्त भाव होता, तेव्हा काढला नाही.’ पुढचा भाव मला माहीत नसतो आणि तो सांगण्याचा आव मी कधी आणत नाही. चाळीत माल रोज थोडा सुकतो, थोडा सडतो, म्हणजे ठेवण्यालाही खर्च आहे. मी एवढंच विचारलं, ‘दादा, समजा आज तुमच्याकडे कांदा नाही, तेवढे रोख पैसे आहेत. आजच्या भावाने हाच कांदा विकत घेऊन चाळीत भराल का?’

त्यांनी कांदा हातात घेऊन दाबून पाहिला. ‘विकत? नाही घेणार.’ मग थोडं थांबून, ‘पण हा घरचा आहे ना.’

डॅनियल काहनेमन आणि आमोस ट्वेर्स्की यांनी १९७९ साली मांडलं की नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख माणसाला जास्त लागतं, आणि तोटा कशाच्या तुलनेत मोजायचा ते त्याच्या मनातला एखादा आकडा ठरवतो. इथे तो आकडा ऑगस्टचा भाव होता. काहनेमन मानसशास्त्राचे, आणि २००२ साली त्यांना नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं. अकरावीत हे दोन विषय वेगळ्या पुस्तकांत, वेगळ्या तासांना येतात. वडिलांच्या एका वाक्यात ते एकत्र होते. ते वाक्य वर्गात सांगू का, असं मी विचारलं. ‘सांगा की. नाव नका सांगू,’ म्हणाले. मुलगी कांदा निवडता निवडता सगळं ऐकत होती.

रात्री ९.१५

उद्या बारावीला निर्देशांक. मुलांना सांगितलंय, घरातलं किराण्याचं एखादं जुनं बिल आणि या आठवड्यातलं बिल आणा, नसेल तर आईला विचारून यादी करा. त्यावरून आम्ही वर्गाची स्वतःची टोपली बांधणार: तेल, साखर, चहा पावडर, तूरडाळ, साबण, गॅस. प्रत्येक वस्तूला किती भार द्यायचा, ते घरच्या खर्चावरून ठरेल. मोबाइलचा रिचार्ज घ्यायचा की नाही यावरून ग्रुपवर संध्याकाळपासून चर्चा चालू आहे. एका मुलाने जुनं बिल नाही म्हणून दुकानदाराची उधारीची वही बघायला मागितली आणि त्याने दाखवली. बघणाऱ्याला साधन कुठे मिळेल सांगता येत नाही, हे इतिहासाच्या सरांना कळवलं पाहिजे.

आत्ताच एकीचा मेसेज आला: ‘मॅडम, आमच्याकडे कांदा विकत आणत नाहीत. यादीत लिहायचा का?’

लिही, असं कळवलं. त्याला भाव कोणता लावायचा, लासलगावच्या लिलावातला की नाशिकच्या भाजीवाल्याचा, ते उद्या पहिल्या तासाला ठरवू.